रोखीचा भाव, उधारीचा भाव

जालन्यात कूलर सगळ्यात स्वस्त मिळतो तो जुलैत. एप्रिल-मेमध्ये ज्या पत्र्याच्या कूलरसाठी गिऱ्हाईक दुकानदाराच्या मिनतवाऱ्या करतं, तोच कूलर दोन पाऊस पडून गेले की कोपऱ्यात सरकतो. वर्षभर जागा अडवायची आणि पैसाही अडकवायचा, त्यापेक्षा आलेल्या भावात काढलेला बरा, असा दुकानदाराचा हिशेब. रग, स्वेटर आणि कानटोप्यांचं फेब्रुवारीत हेच होतं. दिवाळी सरली की आकाशकंदील, पणत्या आणि कापडाचे उरलेले कटपीस याच रांगेत येतात. हंगाम संपताना घ्यावं, हे शहाणपण कुणाला शिकवावं लागत नाही. तरी जुलैत कूलर विकत घेणारा कोरडवाहू शेतकरी मला तरी क्वचितच दिसतो. त्याचा पैसा त्या वेळी काळ्या मातीत असतो: बियाण्यात, खतात, खुरपणीच्या मजुरीत. त्यात जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांनी उरलासुरला खिसा झाडून नेलेला असतो.

बचतीचे सल्ले देणारे एक गोष्ट न सांगता गृहीत धरतात. पैसा वर्षभर हाताशी आहे, फक्त तो कुठे आणि कधी खर्चायचा याची अक्कल हवी, असं त्यांना वाटतं. पगारदाराला हे लागू पडतं, कारण त्याच्या वर्षात बारा पहिल्या तारखा असतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीच्या कोरडवाहू घरात वर्षाला दोन-तीनदाच पैसा येतो. सोयाबीनचा दसरा-दिवाळीच्या आसपास, कापसाचा वेचणीप्रमाणे त्यापुढे, आणि पाणी असेल तर हरभऱ्याचा उन्हाळ्याच्या तोंडाशी. दुकानातल्या सवलतींचं कॅलेंडर वेगळं आणि या घरांचं वेगळं. जालन्यात स्वस्ताई शोधत फिरताना मला सूट कुठे आहे यापेक्षा ती कुणाला घेता येते हा प्रश्न मोठा वाटू लागला.

‘जालना सोन्याचा पालना’ अशी म्हण असलेलं हे गाव पहिल्यापासून व्यापाराचं. मोंढा, सिंधी बाजार, बडी सडक, मामा चौक. दिवाळीच्या पंधरवड्यात या भागात ‘महासेल’चा फलक नसलेलं दुकान शोधावं लागतं. पण जिल्ह्यातला सगळ्यात मोठा सवलतीचा व्यवहार कापडाच्या किंवा भांड्याच्या दुकानात होतच नाही. तो कृषी सेवा केंद्रात होतो, मे-जूनमध्ये, आणि त्याची जाहिरात कुठे लागत नाही.

तिथे एकाच मालाचे दोन भाव असतात. रोखीचा एक, उधारीचा एक. नोटा मोजून देणाऱ्याला दुकानदार ‘भाव लावून’ देतो. ‘कापूस निघाल्यावर देतो’ म्हणणाऱ्याच्या नावावर वहीत पूर्ण रक्कम चढते, आणि कुठे कुठे त्यावर महिन्याचं व्याजही. समजा एका औषधाची बाटली रोखीत सातशेला आणि वहीत नऊशेला आहे. पाच-सहा महिन्यांच्या उधारीसाठी हे दोनशे रुपये जास्त. वर्षाचा दर काढला तर साठ टक्क्यांच्या आसपास जातो. असा दर लावणाऱ्याला आपण सावकार म्हणतो. इथे मात्र त्यावर व्याजाची पाटी नसते. उधारीवाल्याला आपण कर्ज घेतलंय असंही वाटत नाही, फक्त ‘सूट मिळाली नाही’ एवढंच वाटतं.

कीटकनाशकांच्या बाटलीवर छापलेली किंमत हा स्वतंत्र विषय आहे. आवेष्टित मालावर सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते आणि तिच्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, असा कायदा आहे. पण ती किंमत किती छापावी, यावर बहुतेक मालासाठी कुणाचा अंकुश नाही. म्हणून काही औषधांवरची छापील किंमत प्रत्यक्ष विक्रीच्या भावापेक्षा कितीतरी वर असते. मुरलेला शेतकरी त्या आकड्याकडे बघतही नाही. ‘एमआरपी राहू द्या, लावायचं काय ते बोला,’ असं विचारतो. नवखा किंवा उधारीवाला मात्र त्याच आकड्याच्या जवळपास राहतो, आणि वर शंभर रुपये कमी केले म्हणून दुकानदाराचे आभारही मानतो.

कापसाच्या बियाण्याची गोष्ट उलटी. तिथे सरकारने हात घातला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली ती याच जालन्यात, आणि २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेलं पहिलं बीटी कापसाचं बियाणं महिको आणि मोन्सँटो यांच्या भागीदारीतून आलं. सुरुवातीला पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होतं. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं आणि २००६ मध्ये भाव साडेसातशेवर आला. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमती ठरवण्याचा स्वतःचा कायदा केला, आणि २०१५ च्या अखेरीस केंद्राने देशभरासाठी किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. बीजी-२ या बीटी बियाण्याचं पाकीट २०१६ मध्ये ८०० रुपये होतं, २०१८ मध्ये ७४० झालं, आणि पुढे २०२५ च्या खरिपात ९०१ वर पोचलं. कुठल्याही दिवाळी सेलपेक्षा जास्त पैसे या एका नियंत्रणाने शेतकऱ्याच्या खिशात ठेवले, असं माझं मत आहे. त्यातही पाणी मुरतंच. एखादं वाण गावात गाजलं की ते ‘शिल्लक नाही’ होतं, आणि ओळखीच्या माणसाला वरचे पैसे घेऊन मिळतं. त्याची पावती मात्र छापील किमतीचीच निघते.

खताच्या दुकानात तर सवलतीचं उफराटं रूप भेटतं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची ५० किलोची १३५० रुपयांना मिळते, कारण उरलेला मोठा भाग केंद्र सरकार अनुदान म्हणून भरतं. शेतकऱ्याचा अंगठा मशीनवर उमटला की कंपनीला ते पैसे मिळतात. पण ऐन पेरणीत युरिया हवा असेल तर सोबत एखादी दुसरी बाटली किंवा पिशवी घ्यावी लागते. याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात. शहरातल्या मॉलमध्ये एकावर एक फुकट मिळतं, इथे एकावर एक विकत घ्यावं लागतं. विक्रेते कंपन्यांकडे बोट दाखवतात, कृषी खातं कारवाईचे इशारे देतं, आणि शेतकरी नको असलेली बाटली घरी नेऊन कोनाड्यात ठेवतो. सरकारने दिलेल्या सवलतीतला एक तुकडा असा परत काढून घेतला जातो.

आता क्लीअरन्स सेलकडे येऊ. जालना जिल्ह्यात दरवर्षी एक मोठा क्लीअरन्स सेल लागतो. तो मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, लागतो आणि त्यात विकणारा शेतकरी असतो. दिवाळीच्या आधी सोयाबीन काढायचं, धड वाळायच्या आत पोती भरायची आणि मोंढ्यात टाकायची. कारण पोरांना कपडे हवेत, दुकानदाराची वही मिटवायची आहे आणि रब्बीचं बियाणं घ्यायचं आहे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. सरकारी खरेदीत साधारण १२ टक्के ओलाव्याची अट असते. ओला माल तिथे चालत नाही आणि खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत थांबायला घरात पैसा नाही. मग व्यापारी मूठभर दाणे हातात घेऊन भाव पाडतो. हमीभावाच्या खाली गेलेली बोली शेतकरी मान हलवून घेतो, आणि रोख पट्टी लगेच हवी म्हटलं की काही ठिकाणी त्यातूनही कटती होते. विकत घेताना रोख नव्हती म्हणून जास्त दिले आणि विकताना रोख हवी म्हणून कमी घेतले. दोन्ही वेळा सूट समोरच्याला गेली.

रिबेट, म्हणजे सरकार भरून देणारी सूट, हा शब्द मराठी घरांत रुजवला तो खादी भांडारांनी. गांधी जयंतीपासून खादीवर रिबेट लागायचं आणि शिक्षक, कार्यकर्ते आणि सरकारी नोकर वर्षाचे झब्बे-चादरी तेव्हाच घ्यायचे. मराठवाड्यात खादीची परंपरा मोठी. राष्ट्रध्वजाचं कापड विणणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडची. पण रिबेटचा एक परिणाम झाला. सगळी विक्री त्या काही दिवसांत कोंबली गेली आणि एरवी भांडारं ओस पडू लागली. शिवाय गिऱ्हाइकाला सूट आधी द्यायची आणि सरकारकडून ती रक्कम मागाहून वसूल करायची, यात संस्थांचे पैसे अडकत. शेवटी २०१० मध्ये ही पद्धत बदलून उत्पादनावर आधारित बाजार विकास साहाय्य आलं.

नंतर मिळणाऱ्या पैशाचा हा घोळ ठिबकवाल्यांना नवा नाही. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत केंद्राचं ५५ टक्के अनुदान अल्प आणि अत्यल्प भूधारकांना आणि ४५ टक्के इतरांना. राज्याची भर घालून महाराष्ट्रात ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. ऐकायला झकास. नेहमीची वाट मात्र अशी: महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग खिशातून पूर्ण पैसे देऊन संच बसवायचा, बिल चढवायचं, सहायक कृषी अधिकारी मोका तपासणी करणार आणि निधी असेल तेव्हा खात्यात पैसे. ज्याच्याकडे पूर्ण रक्कम आधीच आहे किंवा दुकानदार ज्याला थांबायला तयार आहे, त्याला ८० टक्के सूट. बाकीचे पाटपाण्यावर. गरिबासाठी आखलेल्या सवलतीच्या दारात रोकड विचारली जाते, ती अशी.

सवलत वस्तूत द्यायची की पैशात, याचे दोन्ही प्रकार सरकारने करून पाहिले आहेत. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला: रेशन दुकानात शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो हरभरा डाळ आणि एक लिटर पामतेल. पिशव्या अनेक ठिकाणी उशिरा पोचल्या, यावरून बोंब झाली. तरी सवलत वस्तूतच असल्यामुळे ती घेण्यासाठी शंभरच रुपये लागत होते. दुसरा प्रकार शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतला. जालना त्यात येतो. केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य गहू दोन आणि तांदूळ तीन रुपये किलोने मिळत होतं. २०२३ मध्ये ते थांबवून सुरुवातीला माणशी दीडशे रुपये महिना खात्यात टाकायचं ठरलं. म्हणजे किलोला तीस. बाजारात गहू तिसाच्या वर गेला की वरचा फरक घराने सोसायचा, आणि खात्यात पैसे पडले नाहीत तर बँकेत चकरा मारायला एसटीचं भाडं वेगळं. कागदावर दोन्हीही सवलतीच.

दुकानांतल्या कुपनांकडे वळलं की आणखी एक गंमत दिसते. घर रंगवायला काढलं की रंगाचा डबा ठेकेदाराने नाहीतर पेंटरने निवडावा, असा रिवाज. त्यामागचं कारण बऱ्याच वेळा डब्याच्या आत असतं. रंगाच्या कंपन्या वर्षानुवर्षं डब्यात पेंटरसाठी टोकन घालत आल्या. आता त्याची जागा स्कॅन करायच्या कोडने घेतली आहे. पैसे घरमालकाचे, टोकन रंगाऱ्याचं. वायर, टाइल चिकटवायचा मसाला, प्लायवूड, सळई या सगळ्यांत मिस्त्रीसाठी किंवा विक्रेत्यासाठी काही ना काही योजना असते. रंगाऱ्याचा मला राग येत नाही. त्याच्या मजुरीत पडलेली खोट कंपनी अशी भरून काढते. पण आपण दिलेल्या किमतीत कुणाचं तरी कुपन मिसळलेलं असतं, हे कळलं म्हणजे ‘बेस्ट क्वालिटी हीच घ्या’ या आग्रहाकडे जरा सावधपणे बघता येतं.

मोबाइलच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी फायनान्सवाला पोरगा बसलेला असतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. व्याज कुठेतरी असतंच; किमतीत, प्रक्रिया शुल्कात, नाहीतर जी सूट रोखीवाल्याला मिळाली असती तिच्यात. म्हणून हप्त्यावर घेणाऱ्याने एकच विचारावं: ‘आत्ता सगळे रोख दिले तर काय लावाल?’ उत्तरातला फरक म्हणजे व्याज. ऑनलाइन सेलमध्येही तेच. मोठी सूट एखाद्या ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर असते, आणि त्या यादीत किसान क्रेडिट कार्ड मी अजून पाहिलेलं नाही. उरतात स्क्रॅच कार्डं. फोनवरून पैसे पाठवल्यावर ती खरवडायची आणि ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ वाचायचं. पारावर बसलेल्या पोरांना त्याचा राग येत नाही, हसू येतं.

सेलमधल्या मालावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते आणि बहुतेक लोक तिला कायदा समजतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उलटं सांगतो. माल सदोष असेल तर बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा, आणि फुकट म्हणून जाहीर केलेल्या भेटवस्तूची किंमत मूळ मालातच लपवणं हीसुद्धा. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण पक्कं बिल मागितलं की ‘मग जीएसटी लागेल’ असं उत्तर मिळतं आणि गिऱ्हाईक गप्प बसतं. सवलतीत घेतलेल्या मालाचं बिल नसणं हीच पुष्कळदा त्या सवलतीची किंमत असते.

पैसा आणि वेळ यांचा मेळ बायका पुरुषांपेक्षा चांगला घालतात असं मला वाटतं. ‘स्त्रियांची उपजत काटकसर’ वगैरे मी म्हणणार नाही. घरातला मोठा पैसा त्यांच्या हातात येतच नाही म्हणून छोट्या पैशाचा कस लावणं त्यांना भाग पडतं, एवढंच. आठवडी बाजारात दिवे लागायच्या वेळी भाजीचे वाटे उतरतात; दहाचा वाटा पाचाला, शेवटी ढीगच उचला म्हणून. मजुरीवरच्या बायका त्या वेळी येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं किती हुशारीने थांबल्या. खरं तर आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशीच हातात पडते आणि काम सुटल्याशिवाय निघता येत नाही. जुन्या लुगड्यांवर भांडं देणारी बोहारीण ही तर एक्स्चेंज ऑफरची जुनी मालकीणच. एका पातेल्यासाठी किती साड्या, यावर उंबऱ्यात तासभर चालणारी घासाघीस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘जुना द्या नवा न्या’ची जाहिरात पोरकट वाटते.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टींनी या हिशेबात फरक पडला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. परतूरहून जालन्याला किंवा जालन्याहून साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जाऊन भाव बघून येणं आता परवडतं. पूर्वी स्वस्त साडीतून वाचलेले पैसे तिकिटात जायचे. दुसरी गोष्ट जुलै २०२४ पासूनचे ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार. त्या योजनेच्या राजकारणाबद्दल आणि राज्याच्या तिजोरीबद्दल बोलण्यासारखं खूप आहे. पण जिथे पैसा वर्षाला दोन-तीनदा येत होता, त्या घरात दर महिन्याला येणाऱ्या रकमेला तिच्या आकड्यापेक्षा जास्त किंमत असते. किराणा दुकानात वहीऐवजी रोखीने घेता आलं की दोन रुपये कमीचा भाव मागता येतो. रेशीम करणाऱ्या घरांतही हेच दिसतं. २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजार सुरू झाला, तोवर शेतकऱ्यांना कर्नाटकात रामनगरला जावं लागे. एक पीक महिनाभरात कोषावर येतं आणि वर्षात अशी कितीतरी पिकं निघतात. तुतीवाल्याला जूनमध्ये खत रोखीने घेता येतं. कापूसवाल्या शेजाऱ्याला तेच खत वहीवर.

सराफांच्या योजनांचा मोह मोठा. अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा. त्या अकरा महिन्यांमागे कायदा आहे. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीने ३६५ दिवसांत मालात वळती केली नाही, तर ती ठेव ठरते आणि ठेवी घ्यायचे नियम कडक. पण हे नियम कंपन्यांना. गल्लीतल्या दुकानाची पत ही त्याच्या मालकाची पत. पैसे भरणाऱ्याने आपण सूट घेत नाही, दुकानदाराला बिनतारण उधार देत आहोत, एवढं ध्यानात ठेवावं.

त्यापेक्षा गल्लीतली भिशी मला जास्त सरळ वाटते, तिचे धोके धरूनही. समजा बारा बायका आहेत, प्रत्येकीचे महिना हजार. बारा हजार गोळा होतात. चिठ्ठ्या टाकून नंबर काढला तर नशीब; पण काही भिशींत बोली लागते. जिला आज गरज ती म्हणते, मला अकराच द्या. उरलेले हजार बाकीच्या वाटून घेतात. जूनच्या भिशीला बोली सगळ्यात चढते, कारण जूनमध्ये सगळ्यांच्याच घरी पेरणी. डिसेंबरात कुणी फारसं सोडायला तयार नसतं. पेरणीच्या वेळी हातात आलेल्या रोख पैशाची किंमत या गल्लीत अशी उघड ठरते, आणि जिने घाईत हजार सोडले, ती पुढच्या महिन्यांत दुसरीने सोडलेल्यातला वाटा घ्यायला तिथेच बसलेली असते. कृषी सेवा केंद्राच्या वहीत असं कधी होत नाही. एखादी मध्येच भरणं थांबवते आणि भिशी फुटते, तेव्हा भांडणं होतात, बोलणी बंद होतात. वर्षभराने पुन्हा बारा जणी जमतात. बहुतेक त्याच. वही नवी असते आणि पैसे ठेवायला या वेळी दुसरीच कुणी नेमलेली असते.